पेण-रोह्याच्या रुग्णाला आधी केमो हवी

जठराचा कर्करोग कळला की घरचे म्हणतात, गाठ आधी कापून टाका. ही घाई समजण्यासारखी आहे, पण पुरावा वेगळे सांगतो. गाठ जठरापुरती दिसली तरी तिच्या पेशी अनेकदा बाहेर पोचलेल्या असतात, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर थकलेल्या शरीराला पूर्ण केमोथेरपी झेपत नाही. ब्रिटनमधल्या ‘मॅजिक’ चाचणीत (2006) केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 23 टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. आधी आणि नंतर केमो मिळालेल्यांत हे प्रमाण 36 टक्के होते. रक्तस्राव किंवा अडथळा असेल, गाठ अगदी प्राथमिक असेल, तर निर्णय अर्थातच बदलतो.

मग आधी रेडिएशनही का नको? ‘टॉपगिअर’ चाचणीत (2024) त्याने गाठी अधिक विरघळल्या, आयुष्य मात्र वाढले नाही. रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्याच्या कुटुंबासाठी याचा अर्थ मोठा आहे: रेडिएशनसाठी पाच आठवड्यांची रोजची फेरी सरसकट लादण्याची गरज नाही. योजना खारघर किंवा परळच्या टाटा केंद्रातल्या तज्ज्ञांनी ठरवावी, पण दर पंधरवड्याची केमो अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात मिळालीच पाहिजे. जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. रायगडने त्यासाठी आता आग्रह धरावा.