एवढा हुंकार तरी द्या!

गेल्या दिवाळीत बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या धाड गावी काकांकडे गेलो होतो. फराळाचे ताट बाजूला सारून काकांनी मोबाइल माझ्या हाती दिला. नातवाच्या परीक्षेची फी भरायची होती. मी पडलो प्राध्यापक! मोठ्या रुबाबात बटन दाबले. पडदा ढिम्म! रंग बदलला नाही, चक्र फिरले नाही. दाबले गेले नसावे म्हणून पुन्हा दाबले. थोड्याच वेळात बँकेचे दोन संदेश पाठोपाठ आले. फी दोनदा गेली होती!

मी ओशाळलो. काका शांतपणे म्हणाले, "अरे, बैलाले हाक मारली त तो कान तरी हालवते!"

काकांनी त्या एका वाक्यात एक अख्खे शास्त्र सांगितले होते. माणूस आणि यंत्र यांच्यातल्या अशा चिमुकल्या देवघेवीला संकेतस्थळे रचणारी मंडळी 'मायक्रोइंटरॅक्शन' म्हणतात. डॅन सॅफर यांनी २०१३ साली त्यावर पुस्तकच लिहिले. त्याआधी १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी वेळेचा हिशेब मांडला होता. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उत्तर आले तर यंत्राने लगेच ऐकले असे वाटते. दहा सेकंद गेले की लक्ष उडते.

म्हणजे काम पुरे व्हायला वेळ लागला तरी चालेल, पण 'ऐकले हो' एवढे ताबडतोब कळावे. बोट लागताच बटन किंचित दबावे, काम होईपर्यंत ते पुन्हा दाबता येऊ नये, चक्र फिरावे आणि शेवटी हिरवी खूण उमटावी. आजीच्या गोष्टीला आपण 'हं' म्हणत असू, तसेच हे. हुंकार थांबला की आजीही थांबे.

मात्र हुंकाराच्या जागी टाळ्या नकोत. पडद्यावर सारखे काही नाचू लागले तर काहींना भोवळ येते. म्हणून तर फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सोय ठेवलेली असते. आणि खोटा हुंकार तर मुळीच नको. पैसे पोचण्याआधीच हिरवी खूण दाखवणे म्हणजे गोष्ट न ऐकता मान डोलावणे!

जादा गेलेली फी पुढे परत आली. काकांचा विश्वास मात्र परतला नाही. आता ते एस.टी.ने बुलढाण्याला जाऊन रांगेत उभे राहतात. कारकुनाचा शिक्का पावतीवर 'ठप्प' वाजला, की मगच त्यांचा जीव भांड्यात पडतो.