बियाण्याचे सोयाबीन वेगळे मळा

घट बसले की शिवारात सोयाबीन काढणीची एकच घाई उडते. घाई समजते, वर आभाळ, त्यात मजूर मिळत नाही. पण जूनमध्ये "साहेब, बी उगवलंच नाही" अशी जी तक्रार येते, तिचे मूळ बऱ्याचदा याच खळ्यावर असते.

सोयाबीनचे साल पातळ, कोंब सालीच्या अगदी खाली. मळणीयंत्राचा ड्रम जोरात फिरला की दाणा वरून शाबूत दिसतो, आतला कोंब मात्र मार खातो. म्हणून बियाण्यापुरता चांगला तुकडा आधीच राखून ठेवा. काढणीत भिजलेला माल त्यात नको. मळताना ड्रमचे फेरे मिनिटाला ३५० ते ४०० च असू द्यात. यंत्रवाला कुरकुर करणारच, त्याला पोत्यामागे पैसे मिळतात! सरपंच-ग्रामसेवकांनी त्याला आत्ताच बोलावून बियाण्याच्या मळणीचा वेगळा दर ठरवून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओल १२ टक्क्यांच्या आत आल्यावरच पोती भरा. फळ्यांवर रचा, आपटू नका.

सोयाबीनचे वाण सरळ, संकरित नव्हे. घरचे बी दोन-तीन वर्षे चालते. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहा. ७० उगवले तर एकरी ३० किलो पुरे.