वजन कमी करायचे आहे, पण उपाशी राहून नव्हे

अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीचे पत्र या महिन्यात आमच्याकडे आले. नाव-गाव छापू नका, अशी तिची विनंती आहे. पत्राचा सारांश असा :

“माझे वय १६. लहानपणापासून मी अंगाने भरलेली. दहावीच्या वर्षी वजन आणखी वाढले. चुलत बहिणीच्या निकाहात फुफी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘हिला जरा कमी खायला द्या, उद्या हिचे जमणार कसे?’ तेव्हापासून मी सकाळचा नाश्ता सोडला. डबा मैत्रिणीला देते. कोणी विचारले तर रोजा आहे म्हणून सांगते. गेल्या आठवड्यात वर्गात चक्कर येऊन पडले. रात्री मात्र राहवत नाही. सगळे झोपल्यावर फ्रिज उघडून खाते आणि मग रडते. वजन तेवढेच आहे, वर खोटे बोलल्याचा गुन्हा माथ्यावर. मी काय करू?”

प्रिय बेटी, अस्सलामु अलैकुम.

सर्वात आधी त्या खोट्याविषयी. तुला त्याची टोचणी लागली, हीच चांगली गोष्ट आहे. अल्लाहकडे माफी माग आणि आजपासून भुकेला रोज्याचे नाव देऊ नकोस. रोजा अल्लाहसाठी असतो, वजनकाट्यासाठी नाही. आणि तब्येत सुधारेपर्यंत नफील रोजेही राहू देत.

आता रात्रीच्या खाण्याविषयी. त्याला तू स्वतःचा हावरटपणा समजतेस. तसे नाही. दिवसभर उपाशी ठेवलेले शरीर रात्री आपला हिशेब वसूल करते, तेही गोड आणि तळलेल्या पदार्थांतून. सकाळी पोटभर खाल्लेस तर रात्रीची ही ओढ बरीचशी आपोआप कमी होईल.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पोटाचे तीन हिस्से सांगितले, हे तू मदरशात ऐकले असशील. एक अन्नाचा, एक पाण्याचा, एक श्वासाचा. ही शिकवण आपण जास्त खाणाऱ्याला ऐकवतो. पण त्यात अन्नाचाही हिस्सा आहे, बेटी, आणि तू तोच काढून टाकलास.

पहिले काम म्हणजे अम्मीला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. चक्कर आली, म्हणजे रक्त कमी आहे का ते पाहायला हवे. पाळी अनियमित असेल तर न लाजता सांग. थायरॉईड किंवा पीसीओएसमुळेही वजन वाढते आणि त्यावर उपचार आहेत. वयात येताना मुलींच्या अंगावर थोडी चरबी वाढणे नैसर्गिकच असते. तुझे वजन खरोखर जास्त आहे का आणि किती, हे डॉक्टर उंची व वय पाहून ठरवतील. ते फुफीने ठरवायचे नाही. कमी करायचे ठरलेच तर आठवड्याला अर्धा किलोपेक्षा घाई नको. जाहिरातीतली पावडर, गोळ्या, जुलाबाची औषधे, खाऊन मुद्दाम उलटी करणे, यांच्या वाटेलाही जाऊ नकोस. असे काही आधीच सुरू झाले असेल तर तेही डॉक्टरांना सांग.

दुसरे काम ताटाचे. वेगळा स्वयंपाक लागत नाही. सकाळी भाकरी किंवा चपातीबरोबर एक अंडे, नाहीतर मुगाचे धिरडे. दुपारी अर्धे ताट भाजी व काकडी-टोमॅटो, पाव ताट डाळ, मासे किंवा चिकन, पाव ताट भात-भाकरी. बिर्याणी जुम्याला जरूर खा. एकदा वाढून घे, सावकाश खा. खरी गंमत पेल्यात असते. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेतला की आठ चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर झाली. ३०० मिलिलिटर कोलात आणखी ३० ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. चहा दोनदा, साखर निम्मी आणि कोला बंद, एवढ्यानेही फरक पडतो.

तिसरे काम चालण्याचे. तुझ्या वयात रोज सरासरी एक तास शरीर हलले पाहिजे. तो सलग नसला तरी चालेल. फजरनंतर अम्मीबरोबर वीस मिनिटे, क्लासला रिक्षाऐवजी पायी, संध्याकाळी गच्चीवर दोरीच्या उड्या. झोप आठ तास हवी. इशानंतर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव.

एक प्रसंग लक्षात ठेव. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात तो आला आहे. एका सफरीत प्रेषित (स.) हजरत आएशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावतात आणि हजरत आएशा जिंकतात. पुढे त्यांचे अंग भरते, पुन्हा शर्यत होते आणि या वेळी प्रेषित (स.) जिंकतात. मागच्या शर्यतीची ही परतफेड झाली, असे ते म्हणतात. शरीर बदलले होते, पण टोमणा नाही, तुलना नाही. सोबत धावणे मात्र होते.

हेच आम्हाला तिच्या घरच्यांना सांगायचे आहे. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची थट्टा करण्यास आणि वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे, आणि तिथे स्त्रियांचा उल्लेख वेगळा केला आहे. ‘मोटी’, ‘ड्रम’ हे शब्द आपण लाडात म्हणतो, पण मुलगी ते घेऊन फ्रिजसमोर रडते. कोणी पाहुण्यांसमोर बोलले तर अम्मीने तिथेच सांगावे, “आपा, माझ्या मुलीला असे बोलू नका.” अब्बांनी येताना वेफर्स, कोला आणू नये. नियम एकट्या मुलीला लावू नका. घरातल्या सगळ्यांचा चहा कमी गोड होऊ द्या. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या मोठ्यांचेही त्यात भलेच आहे.

बेटी, उद्या एवढेच कर : नाश्ता करून कॉलेजला जा आणि डबा स्वतः खा. वजन रोज पाहू नकोस, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. एखाद्या दिवशी जास्त खाल्ले गेले तर दुसऱ्या दिवशी उपाशी राहू नकोस, नेहमीसारखे जेव. हे शरीर अल्लाहने तुझ्याकडे दिलेली अमानत आहे. तिची काळजी घ्यायची असते, तिला शिक्षा द्यायची नसते. दोन महिन्यांनी पुन्हा पत्र लिही. त्यात किलो लिहिले नाहीस तरी चालेल, चक्कर थांबली का ते लिही. आम्ही दुआ करतो आणि वाट पाहतो.