बेली डान्सचा क्लास अन् गावाचे चुकीचे प्रश्न

परवा रात्री साडेदहाला आपल्या हिंगोलीतल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात पडली. महिलांसाठी बेली डान्सचा क्लास, नवीन मॅडम, पहिला तास मोफत. सकाळी उठून पाहते तर एकशे चाळीस मेसेज! रस्त्यातल्या खड्ड्यांचे फोटो मी टाकते तेव्हा या ग्रुपवर दोन अंगठे येतात, त्यातला एक माझ्या भाच्याचा असतो.

मेसेज काय होते ते इथं सगळे लिहीत नाही. "हे काहून पाहिजे आपल्या गावात?" हा त्यातला सगळ्यात सभ्य. एकानं विचारलं, कपडे कोणते घालणार? दुसरा म्हणाला, मॅडम कुठल्या, लग्न झालंय का? तिसऱ्या भाऊंनी थेट संत नामदेवांनाच आणलं. नामदेवांच्या जिल्ह्यात हे शोभतं का म्हणे.

मी काल त्या पहिल्या तासाला जाऊन आले. बातमी करायला गेले होते, पण मॅडमनी वही बाजूला ठेवायला लावली अन् रांगेत उभं केलं. वय चाळिशीच्या पुढं, गुडघे आपले कुरकुरणारे. म्हणून आता बोलायचा हक्क थोडा तरी आहे असं समजते.

आधी कपड्यांचं सांगते, कारण सगळ्यांचा जीव तिथंच अडकलाय. आम्ही अकरा जणी होतो. नऊ जणी पंजाबी ड्रेसवर, दोघी लेगिन्स अन् लांब टी-शर्टवर. कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, म्हणजे कंबर हलतेय की नाही ते आरशात दिसावं. बस्स. पोट कुणाचंच उघडं नव्हतं. अन् पोटाचंच म्हणाल तर मंडईत भाजी घेणाऱ्या, शेतात हळद काढणाऱ्या बाईच्या साडीतून रोज कंबर दिसते, तिथं कुणाची संस्कृती बुडत नाही. ती बाई काम करत असते म्हणून चालतं. स्वतःच्या आनंदासाठी तीच कंबर हलवली की ग्रुप पेटतो.

बरं, अंग झाकलं की लोक गप्प बसतात का? लावणीवाल्या बायका नऊवारीत नखशिखांत झाकलेल्या असतात. आपण त्यांना सोडलं? विठाबाई नारायणगावकरांनी उभं आयुष्य फडावर काढलं, राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला, अन् 2002 साली गेल्या त्या हलाखीत. आज सरकार त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. जिवंतपणी टिंगल, मेल्यावर पुरस्कार, ही आपली रीत.

हे फक्त आपलंच नाही म्हणा. या नाचाचं अरबी नाव रक्स शर्की, म्हणजे पूर्वेकडचं नृत्य. नावात पोट कुठंच नाही. पोट त्याला युरोप-अमेरिकेनं चिकटवलं. 1893 मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात कैरोचा बाजार उभारला होता, तिथं हा नाच अमेरिकेनं डोळे फाडून पाहिला. न्यूयॉर्कचे एक नीतिरक्षक अँथनी कॉमस्टॉक तो बंद करा म्हणून ओरडत होते. याच प्रदर्शनाच्या निमित्तानं सर्वधर्म परिषद भरली होती, जिथं स्वामी विवेकानंद बोलले. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी दोन्ही गोष्टी झाल्या अन् शिकागो काही बुडालं नाही. खुद्द इजिप्तमध्ये महंमद अली पाशानं 1834 साली नाचणाऱ्या बायकांना कैरोतून हाकललं होतं. त्या दक्षिणेकडच्या गावांत जाऊन नाचल्या.

आपण 2005 मध्ये तेच केलं. डान्सबार बंदी. पण तीन तारे अन् त्याहून वरच्या हॉटेलांना त्या कायद्यात सूट होती! म्हणजे गरिबासमोर नाचली तर अश्लील, श्रीमंतासमोर नाचली तर कला. उच्च न्यायालयानं 2006 मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली, सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. आमच्या ग्रुपचा कायदा अजून 2005 मध्येच आहे. लग्नात बाहेरून पैसे देऊन नाचणारी आणली तर चालते, घरची बाई शिकायला निघाली की शोभत नाही. अन् वरातीत डीजेपुढं रस्त्यावर लोळून नागीण डान्स करणारे भाऊ कोण आहेत, ते मी नावानिशी ओळखते.

नामदेवांचं म्हणाल, तर औंढ्याची आख्यायिका आपल्या जिल्ह्यातल्या पोराटोरांना पाठ आहे. देवळासमोर कीर्तन नको म्हणून त्यांना मागं पाठवलं अन् देऊळच त्यांच्याकडं फिरलं. त्या गोष्टीत आडवे आलेले कोण होते ते एकदा आठवून पाहा, मग नामदेवांना ग्रुपवर बोलवा.

आता माझं खरं भांडण. या एकशे चाळीस मेसेजांत एकाही माणसानं एकही कामाचा प्रश्न विचारला नाही. नवीन मॅडमकडं क्लास लावताना विचारायचं असतं ते वेगळंच.

शिकल्या कुणाकडं? कथक-भरतनाट्यमला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. बेली डान्सला आपल्याकडं तसं सर्वमान्य मंडळ नाही, त्यामुळं फ्लेक्सवरचं 'सर्टिफाइड' कुणीही छापू शकतं. गुरू कोण, किती वर्षं, हे तोंडावर विचारायचं. मी विचारलं. मॅडमनी पुण्यातल्या आपल्या बाईंचं नाव सांगितलं, सहा वर्षं सांगितली, अन् "ताई, मला अजून सगळं येत नाही" हेही सांगितलं. मला तिथंच त्या आवडल्या.

तास सुरू व्हायच्या आधी त्यांनी एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. कंबरदुखी, मणक्याची गादी सरकलेली, सिझेरियन, दिवस गेलेत का? एकीचं सिझेरियन चारच महिन्यांपूर्वी झालेलं, तिला आधी डॉक्टरांना विचारून ये म्हणून बसवून ठेवलं. जी मॅडम हे न विचारता पहिल्याच दिवशी गाणं लावते, तिथून चप्पल घालून निघा.

पहिली पंधरा मिनिटं नुसतं अंग मोकळं करणं. मग उभं राहायला शिकलो. पाय जमिनीला सपाट, गुडघे थोडे सैल, छाती वर. मग खांदे हलू न देता फक्त कमरेनं इंग्रजी आठचा आकडा काढायचा. ऐकायला सोपं, करायला घाम फुटतो. माझा आठ कधी शून्य होत होता, कधी नुसतीच रेघ. हात कुठं ठेवायचे ते तर शेवटपर्यंत कळलं नाही. रीलमध्ये दिसतं तसं महिन्याभरात येणार नाही, वर्षभरात आलं तर नशीब. "दहा दिवसांत पोट कमी" असं कुणी सांगितलं तर ती नाच शिकवत नाही, पावडर विकते.

अन् सगळ्यात मोठा प्रश्न मोबाइलचा. 2023 च्या फेब्रुवारीत गौतमी पाटीलचा कपडे बदलतानाचा चोरून काढलेला व्हिडिओ राज्यभर फिरला. तिच्या नाचावर प्रवचनं देणाऱ्यांपैकी किती जणांनी तो फॉरवर्ड केला, मनाला विचारा. कपडे बदलणाऱ्या बाईचं असं चोरून चित्रण करणं अन् पसरवणं हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. धोका नाचात नसतो, दाराच्या फटीत असतो. कालच्या हॉलमध्ये मोबाइल दारातल्या टोपलीत ठेवायला लावले, हे चांगलं. पण खिडकीला पडदा नव्हता, काचेवर जुने पेपर चिकटवले होते, अन् कपडे बदलायच्या खोलीची कडी आतून लागत नव्हती. मी मॅडमना तिथंच सांगितलं. सोमवारपर्यंत दोन्ही करते म्हणाल्या. फी महिन्याची घेतात, वर्षाची आगाऊ मागत नाहीत, पण पावती देत नव्हत्या. तीही द्या म्हटलं.

सोमवारी चार वाजता दुसरा तास आहे. मी कडी तपासायला अन् आठचा आकडा काढायला जाणार आहे. ग्रुपवरच्या ज्या भाऊंना फारच काळजी लागलीय, त्यांनी घरातल्या वहिनींना पाठवावं अन् रात्री त्यांनाच विचारावं काय काय झालं. स्वतः पाहायला येऊ नये, पुरुषांना आत सोडत नाहीत.