झिंग की व्याधी?

झोकांड्या खाणारा मद्यपी इस्पितळात आणला गेला, की ‘उतरली म्हणजे येईल शुद्धीवर’ एवढ्यावर पुष्कळदा त्याची वासलात लावली जाते. या बेपर्वाईने एखाद्याची स्मृती जन्माची जाऊ शकते, याकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

भ्रम, तोल जाणे व डोळ्यांची हालचाल बिघडणे ही लक्षणे जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली एकत्र नोंदविली. त्यांच्या तीन रोग्यांपैकी दोघे मद्यपी होते. तिसरी गंधकाम्ल प्यालेली तरुणी होती व तिच्या पोटात अन्न ठरत नव्हते. व्याधीचे मूळ ब-१ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या अभावात आहे, हे पुढे उमगले. शरीरातील त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांतच सरतो. सतत पिणाऱ्याचे जेवण सुटते. आणि पोटात जाते तेही दारू अंगी लागू देत नाही. थायमिनवाचून मेंदूला साखरेपासून शक्ती मिळेनाशी होते. पुढची अवस्था रशियन वैद्य सर्गेई कोर्साकॉफ यांनी १८८७ पासून वर्णिली. तीत नवी आठवण टिकत नाही आणि रोगी ती पोकळी नकळत कल्पित हकीकतींनी भरून काढतो.

उपाय मात्र साधा व स्वस्त आहे: थायमिनचे इंजेक्शन. तिन्ही लक्षणे एकत्र थोड्याच रोग्यांत दिसतात. म्हणून नुसता संशयही पुरेसा मानला पाहिजे. अशा रोग्यास थायमिनवाचून केवळ ग्लुकोज चढविणे घातक ठरू शकते.

दारुड्याचे हे लाड कशाला, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियाने हा प्रश्न विचारीत न बसता १९९१ साली पावाच्या पिठात थायमिन घालणे सक्तीचे केले. पुढे सिडनीतील शवविच्छेदनांत या विकाराचे प्रमाण घटलेले आढळले. आम्ही दारूचे समर्थन करीत नाही. परंतु दारूबंदीच्या कट्टर पुरस्कर्त्यासही व्यसनाची शिक्षा म्हणून स्मृतिनाश मान्य होणार नाही.

तेव्हा प्रत्येक इस्पितळाच्या तातडीच्या विभागात थायमिन हाताशी असावे व ते देण्याचा निश्चित दंडक असावा, अशी आमची मागणी आहे. अब्रूपोटी घरातले पिणे झाकणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीही पिणे किती व जेवण किती दिवस सुटले, हे डॉक्टरांस निःसंकोच सांगावे. झाकलेली अब्रू पुढे सावरता येईल. गेलेली स्मृती बहुधा पूर्णपणे परत येत नाही.