लुगड्याचे आयुष्य
महाराष्ट्रातल्या साध्या घरांत नऊवारी सुती लुगडे विरले म्हणून टाकले जात नसे. आधी त्याला दंड घालत: मधला झिजलेला भाग काढून धड तुकडे जोडले, की ते घरात नेसायला आणखी पुरे. त्यानंतर गोधडी. उन्हाळ्यात, शेतीची कामे सैल पडल्यावर, एक लुगडे तळाला, एक वर आणि मध्ये धोतरे, सदरे, परकर यांच्या तुकड्यांचे थर अंथरून शेजारणी एकत्र बसत. टाका साधा धावदोऱ्याचा. बहुधा कडेपासून सुरू होऊन चौकोनाचौकोनांनी आत सरकणारा. या दाट टाक्यांमुळेच आतले तुकडे धुताना गोळा होत नाहीत आणि थरांत अडकलेली हवा ऊब धरते. वर्षानुवर्षे धुतलेले सूत इतके मऊ होते, की तान्ह्या बाळाला आजीच्या लुगड्याचे दुपटेच घेत, आणि ते शहाणपणाचे होते. उरल्यासुरल्याची भांडी उतरवायची फडकी, कंदिलाची काच पुसायची चिंधी, शेवटी सारवणाचे पोतेरे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणले, तेव्हा हीच काटकसर घरोघरी उपयोगी पडली. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या आल्या. त्या सहसा विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, शिवताना निसटतात. त्यांची चांगली गोधडी होत नाही. अशा साड्या बोहारणीला देऊन त्या बदल्यात स्टीलची भांडी घेतली जाऊ लागली.