दुर्बिणीच्या दुसऱ्या टोकाला

आमच्या निगडीच्या खोलीत एक संगणक आहे. थोरल्या भावाने चाकणच्या कारखान्यात ओव्हरटाइम करकरून तो हप्त्यांवर घेतला, तो मी अभ्यास करावा म्हणून. अभ्यास किती झाला हे निकाल सांगेलच. पण दिवाळीच्या सुट्टीत ‘स्नायपर एलिट ४’ हा खेळ मात्र मी शेवटपर्यंत खेळलो. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकात कथा-कादंबऱ्यांचे रसग्रहण करावे असा प्रघात आहे. परंतु वर्गातील कितीतरी मुले रात्री ज्यात रमतात, त्याचे गुणदोष कोणी लिहायचेच नाहीत काय?

स्नायपर म्हणजे दडून राहून लांबून अचूक नेम साधणारा सैनिक. ब्रिटनमधील रिबेलियन कंपनीने हा खेळ २०१७ साली बाजारात आणला. काळ १९४३चा, देश इटली. फॅसिस्ट आणि नाझी फौजांनी व्यापलेल्या गावांत, बंदरांत, डोंगरांत नायकाने एकट्याने शिरायचे आणि कामगिरी पुरी करायची.

प्रथम गुण सांगतो. हा खेळ धीर शिकवतो. बंदुकीच्या बहुतेक खेळांत दिसेल त्याला धडाधड उडवायचे असते. येथे तसे केले की आपणच मरतो. आधी दुर्बिणीने सारा परिसर न्याहाळायचा. पहारेकरी किती, वाट कोठून, हे मनात टिपायचे. गोळी अंतराबरोबर खाली उतरते, वाऱ्याने सरकते, याचा हिशेब करायचा. धावून आलो असू तर नाडीचे ठोके वाढलेले असतात आणि नेम हलतो. म्हणून थांबायचे, श्वास रोखायचा. विमान डोक्यावरून जाईपर्यंत वाट पाहायची, म्हणजे त्याच्या घरघरीत बंदुकीचा आवाज बुडून जातो. एका गोळीसाठी मी पंधरा-पंधरा मिनिटे गवतात पडून राहिलो आहे! पुस्तकाचे एक पान इतक्या एकाग्रतेने मी क्वचितच वाचले असेल.

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटला. दुर्बीण एखाद्या शत्रूसैनिकावर स्थिर केली की त्याच्याविषयीची दोन ओळींची माहिती उमटते. त्याच्या घरचे काही, स्वभावाचे काही. मेलेल्या सैनिकांच्या खिशात कधीकधी घरी लिहिलेली पत्रे सापडतात. ज्याला मारायचे तो कोणाचा तरी मुलगा आहे, हे खेळ क्षणभर का होईना आठवून देतो.

आणि खेळाचा मोठा दोष नेमका येथेच सुरू होतो. गोळी सुटली की काळ मंदावतो. गोळीमागून आपली नजर जाते आणि क्ष-किरण चित्रात दिसावे तसे त्या माणसाचे आतले शरीर दिसते. कवटी तडकते, बरगड्या मोडतात, काळीज फुटते. लगेच किती मीटरवरून कोठे लागली त्याचे गुण पडतात. आत्ताच ज्याच्या घरची हकीगत वाचली, तो पुढच्या क्षणी हाडांचा ढीग आणि गुणांचा आकडा होतो. एका हाताने दिलेली माणुसकी दुसऱ्या हाताने काढून घेण्याचाच हा प्रकार.

आमच्या शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक हवालदार राहतात. आता ते चाकणला एका कंपनीच्या फाटकावर सुरक्षारक्षक आहेत. एकदा रात्रपाळीला निघता निघता ते माझ्यामागे उभे राहून पाहू लागले. वाऱ्याचा हिशेब त्यांना आवडला. पण ती हाडे दिसताच म्हणाले, “हे कशाला रे दाखवतात?” मी म्हटले, “काका, हीच तर या खेळाची खासियत आहे.” ते काही बोलले नाहीत. दारात बूट घालताना मात्र म्हणाले, “इटलीत ना हे? आमच्या पलटणीतले यशवंत घाडगे तिथंच गेले. स्नायपरच्याच गोळीनं.”

मी इतिहासाचा विद्यार्थी. पण हे मला ठाऊक नव्हते. मग शोधून वाचले. नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतील एकूण एक जवान ठार किंवा जखमी झाला. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून ती बंद पाडली, एकाला गोळीने टिपले आणि गोळ्या भरायला अवधी नाही म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले. त्याच वेळी शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. वय अवघे बावीस! त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली इटलीतील मोन्तोने गावात त्यांच्या नावाचे स्मारक झाले.

त्यानंतर खेळ उघडला तेव्हा दुर्बिणीत पाहताना मला अस्वस्थ वाटले. या खेळात मी नेहमी दुर्बिणीच्या सुरक्षित टोकाला असतो. चुकलो तर साठवलेल्या जागेपासून पुन्हा सुरुवात. आमचा मराठी माणूस होता तो दुसऱ्या टोकाला, आणि त्याला दुसरा डाव नव्हता. इटलीच्या रणांगणावर हजारो भारतीय सैनिक मेले. पण मी खेळलो त्या साऱ्या मोहिमांत त्यांतला एकही मला भेटला नाही.

म्हणून हे खेळ बंद करा, असे मी म्हणणार नाही. बारा तास उभे राहून आलेल्या मुलाला घटकाभर विरंगुळा हवाच. ती हाडे दाखवणारी सोय खेळातच बंद करता येते. मी ती केली आणि खेळाची गोडी तिळमात्र कमी झाली नाही. यावरूनच ती किती अनावश्यक होती ते कळावे.

आता असे खेळ आपल्याकडेही होऊ लागले आहेत. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’चा ‘इंडस’ २०२४ साली आला. संगणकाचे काम अभियांत्रिकीची मुले करतील. पण त्यातील माणूस कोणी लिहायचा? ते काम आपले, कलाशाखेचे आहे. टायबरच्या खोऱ्यात तो चढ चढणाऱ्या बावीस वर्षांच्या नाईकाच्या डोळ्यांनी एखादा खेळ आपल्यापैकी कोणी लिहील काय? शेजारच्या काकांना तो मी आधी दाखवीन.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)